वीराचं जाकीट

खोलीचं कुलूप काढून वाल्मीक आत आला आणि उंबऱ्यातच थबकला. खुर्चीत कोणीतरी बसलं होतं. पाठ ताठ, खांदे रुंद, दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर टेकलेले, आणि वर डोकं नाही. सकाळी कचेरीत जाताना नवं जाकीट आपणच खुर्चीला चढवून गेलो होतो, हे आठवेपर्यंत तोंडातून 'दादा' असा शब्द निघून गेलाही होता. मोठ्यानं नव्हे, पण निघाला होता, आणि निघालेला शब्द काही परत तोंडात घेता येत नाही. शेजारच्या बिऱ्हाडातली साळूबाई दारात तांदूळ निवडत बसली होती. तिनं मान वर केली. "कुणी आलंय का हो?" तिनं विचारलं. "नाही, कुणी नाही," वाल्मीक म्हणाला आणि दार लावून घेतलं. मग जाकिटाला खुर्चीतून उठवून तो स्वतः खुर्चीत बसला, जाकीट मांडीवर घेऊन, पाहुण्यांचं मूल घेतात तसं, परक्या हातांनी. नवं कातडं असंच असतं. आत माणूस असो नसो, ते आपलं माणसासारखं उभं राहतं. जुनं झाल्यावरच त्याला माणसाची गरज लागते. आणि वाल्मीकला ते होळीच्या आत जुनं करायचं होतं. साधंसुधं जुनं नव्हे, तर सात वर्षांपूर्वी मेलेल्या एका माणसाचं म्हणून ओळखू येईल इतकं जुनं.

तो माणूस म्हणजे वाल्मीकचा थोरला भाऊ हैबत. कोळवण खोऱ्यातल्या भाताच्या खाचरांतून उठून तो हवाई दलात गेला, विमानात बसून बिनतारी निरोप घ्यायचं काम शिकला, आणि छप्पन साली उत्तरेत कुठंतरी डोंगरात ते विमान पडलं. गावाच्या लेखी हैबत विमान हाकत होता. घरच्यांनी ही चूक कधी दुरुस्त केली नाही. दुःखाच्या बदल्यात एवढी बढती द्यायला कुणाची हरकत असणार? मृतदेह आला नाही. तार आली, आणि मागाहून एका सोबत्यानं ट्रंक आणून दिली. ट्रंकेत वर कातड्याचं जाकीट होतं, कारण त्या दिवशी उकाडा होता म्हणून हैबत ते न घालताच गेला होता. असा अवचित मेलेला माणूस त्या घराण्यात वीर होतो. चांदीच्या पत्र्यावर मूर्ती उठवून त्याचा टाक करतात, आणि दर धुळवडीला घरातला एक पुरुष वीराचे कपडे अंगावर घालून, टाक ताटात घेऊन, हलगीच्या मागं डोहावर आंघोळीला जातो. कातडं देवाच्या कामाला चालतं का, यावर पहिल्या वर्षी बराच खल झाला. चुलते गेणबा म्हणाले, चालत न्हाई. मग हलगीवाल्यानं आपली हलगी वर करून विचारलं, "मंग ह्ये काय हाय, आण्णा? पळसाचं पान?" गेणबांनी विचार केला आणि चालतं असं ठरलं. शास्त्र हे पुष्कळदा असंच, ज्याच्या हातात वाद्य असेल त्याच्या बाजूनं वळतं.

डोहावर निघण्याआधी वीर दारात उभा राहायचा आणि घरची माणसं त्याला भेटायची. त्या वेळेपुरता तो हैबत. त्यानं बोलायचं नाही, नुसतं ऐकायचं. गेणबा खांद्यावर हात ठेवून दोन शब्दांत आटपायचे. हैबतची बायको सगुणा पायावर पाणी घालायची आणि काही न बोलता मागं सरायची. आई मात्र, तुळजाबाई, छातीवर दोन्ही हात ठेवायची, तोंड कॉलरपाशी न्यायची आणि बोलत राहायची. "आलास व्हय रं. औंदा म्हस व्याली, रेडी झालीया. वरच्या खाचराचा बांध फुटला हुता, तुज्या चुलत्यानं घातला. सगुणा बरी हाय, तिची काळजी करू नगस." वर्षभराचा सगळा हिशेब ती तिथं देऊन मोकळी व्हायची. एरवी ती फार बोलणारी बाई नव्हती. मुलगा मेल्याची तार आली तेव्हाही ती रडली नव्हती. देह बघितला नाही तर रडू कशावर, असं ती म्हणाली होती आणि गोठ्यात शेण काढायला गेली होती. जाकिटाच्या आत उभा असलेला वाल्मीक हे सगळं ऐकायचा. आईचे हात आपल्या छातीवर आहेत आणि आपल्यासाठी नाहीत, हे त्याला पहिल्या वर्षी नीट कळलं होतं. दुसऱ्या वर्षी त्यानं ते मनावर घेतलं नाही. तिसऱ्या वर्षापासून तो मार्गशीर्षातच धुळवडीची वाट बघू लागला. दुसऱ्याच्या नावावर आलेलं का होईना, ताट समोर आलं की भुकेला माणूस पत्ता वाचत बसत नाही.

जाकीट घरीच राहायला हवं होतं. पण मुळशीच्या पावसात कातड्याला बुरशी येते, पुण्याला कोरडं राहील, असं त्यानंच सुचवलं आणि सगळ्यांना ते पटलं. खरं तर थंडीच्या दिवसांत संध्याकाळी ते घालून लक्ष्मी रस्त्यावरून चालताना लोक बाजूला होत. सायकलवाले घंटी जरा मऊ वाजवीत. नारायण पेठेत नदीकडच्या बोळात त्याची खोली होती. एकसष्टच्या जुलैत धरण फुटलं आणि पाणी बोळात शिरलं तेव्हा लोक ओरडत धावू लागले. वाल्मीकनं खोलीत एक गिरकी घेतली. त्याला ती गिरकी अजून लख्ख आठवते: पायाखाली ओली फरशी, बाहेर कुणाची तरी पितळी घागर गडगडत गेल्याचा आवाज, समोर खुंटीवर जाकीट, आणि खाली कोपऱ्यात छत्री. हात खुंटीकडेच गेला होता. याबद्दल तो शपथ घ्यायला तयार आहे. मग हात खाली आला आणि त्यानं छत्री उचलली. का, ते त्याला आजही सांगता येत नाही. बाहेर पाऊस पडत होता आणि पावसात जायचं म्हणजे छत्री घ्यायची, इतकंच असेल. पर्वतीच्या पायऱ्यांवर ओल्या माणसांच्या गर्दीत तो छत्री उघडून उभा राहिला, आणि कोणीतरी हसलं. चार दिवसांनी परत गेला तेव्हा खोलीला भिंती नव्हत्या. त्यानं चिखल उपसला. एक बूट सापडला, तोही आपला नव्हे.

घरी त्यानं काही कळवलं नाही. पुढच्या होळीला रजा मिळत नाही म्हणून सांगितलं. त्या वर्षी वीर निघाला नाही. आईनं टाक घरातच बादलीतल्या पाण्यानं धुतला, असं नंतर कानावर आलं. यंदा मात्र माघातच धनगरवाड्यातला धुळा लोकर घेऊन पुण्याला आला आणि पत्ता विचारत नव्या खोलीच्या दारात येऊन उभा राहिला. "तुळजाआक्कानं सांगावा धाडलाय," तो म्हणाला. "कोट घिऊन ये, आन् तू न्हाई आलास तरी कोट धाड. म्या म्हनलं, आक्का, कोट एकलाच यष्टीत बसंल व्हय?" स्वतःच्या विनोदावर तो हसला, चहा प्यायला आणि गेला. त्याच आठवड्यात वाल्मीक कॅम्पात कातड्याचे कपडे शिवणाऱ्या एका शिंप्याकडे गेला आणि हातवारे करून जाकिटाचं वर्णन करू लागला. कॉलर अशी, मनगटाला लोकरीची पट्टी, खिसा इथं तिरका. शिंप्यानं विचारलं, खिसा डावीकडे का उजवीकडे? चार वर्षं त्या खिशात त्यानं हात घातले होते. मग त्यानं दोन्ही हात पुढं करून पाहिले, आणि उजवा जरा आपणहून हलला तेव्हा म्हणाला, उजवीकडे.

जाकीट आलं ते हे असं, खुर्चीत बसणारं. आता नव्या वस्तूला सरावात आणायची एकच रीत वाल्मीकला ठाऊक होती, आणि ती वहाणांची होती. खोऱ्यात नव्या करकरीत वहाणा पाण्यात भिजवतात, ओल्याच पायात घालतात आणि वर एरंडेल चोळत राहतात. त्यानं बादलीत जाकीट भिजवलं, ओलंच अंगात घातलं आणि दार लावून वाळेपर्यंत तसाच बसला. मग एरंडेल. रोज संध्याकाळी तळहातानं, बाह्यांवर, पाठीवर, काखेतल्या शिवणींवर. पहिल्याच आठवड्यात त्याच्या ध्यानात आलं की खोलीत चांभाराच्या दुकानाचा वास येतो आहे आणि मेलेला भाऊ येत असलाच तर तो पायताणाच्या रूपानं येतो आहे. मग त्यानं तेल सोडलं आणि नुसतं अंगात घालायला सुरुवात केली. माघ सरला, ऊन चढलं, तरी हा कचेरीत जाकीट घालून. सहकारी विचारीत, "काय राव, आज उड्डाण किती वाजता?" तो हसून फायलीत मान घाली. कातड्याच्या आत घाम ओघळत राही आणि त्याला बरं वाटे, कारण घाम मुरल्याशिवाय कातडं आपलं होत नाही. पण आपलं म्हणजे कुणाचं? त्याला हवी होती ती हैबतची घडी: डावा खांदा जरा खाली, कोपराशी तीन चुण्या, की चार? हैबत उभा कसा राहायचा? खांबाला टेकून. कोणत्या खांबाला? विचार करू लागला की हैबतच्या जागी जाकीटच दिसे, आणि जाकीट आठवू गेलं की लक्ष्मी रस्त्यावरच्या दुकानाच्या काचेतला तो स्वतःच. खांब आठवे, ऊन आठवे, खांबाला टेकलेलं कातडं आठवे. वर चेहरा नाही. सबंध भाऊ आपण केव्हा संपवला? रोज थोडा थोडा अंगात घालून? त्यानं आठवणीतून चुण्या पाडायचा प्रयत्न केला. खाटेच्या पायाखाली बाही दाबून ठेवली. सकाळी बाहीवर खाटेच्या पायाचा वण उठला, चुणी नाही. कातड्याला सांगितलेलं समजत नाही, केलेलं समजतं. आणि तो दिवसभर करत काय होता? टेबलावर ओणवून जावक पत्रांची बारनिशी लिहीत होता. होळीच्या दिवशी सकाळी त्यानं जाकीट उजेडात धरलं. ते खरोखरच जुनं झालं होतं. उजव्या मनगटाची कड टेबलावर घासून तुकतुकीत झाली होती, पोटावर बसकी वळी पडली होती, आणि पाठीत, दोन खांद्यांच्या मध्ये, एक गोल फुगवटा आला होता. कुणीही सांगितलं असतं की हे जाकीट कारकुनाचं आहे.

तरी तो निघाला. एस्टीत खिडकीशी बसला, जाकीट पिशवीत, पिशवी मांडीवर. बावधन गेलं, पौड गेलं. कोळवणकडे वळल्यावर खाचरांतून राबाचा पालापाचोळा भाजल्याचा धूर येऊ लागला आणि त्यानं पिशवीचं तोंड उघडून धरलं, तेवढाच धूर कातड्यात जावा म्हणून. शेजारच्या म्हातारीनं पिशवीत वाकून पाहिलं. "कोंबडी हाय व्हय? जीव घाबरला आसंल तिचा," ती म्हणाली. त्यानं मान हलवली. आईला आता मोतीबिंदूनं दिसत नाही, तिला हातांनीच कळणार, आणि हातांना काय काय कळतं याचा त्याला अंदाज येत नव्हता. कळू नये एवढंच त्याला हवं होतं. वर्षातून एक सकाळ तिचा मुलगा तिला भेटतो. ती सकाळ छत्रीपायी गेली, हे तिला कळू नये. आणि स्वतःपुरतं, अगदी स्वतःपुरतं, त्याला ते हातही हवे होते.

आई शेजारी होळीच्या पुरणाला गेली होती. सगुणा वहिनी चुलीपुढं होती. तिनं पिशवीतून जाकीट बाहेर काढलं, उलटं केलं, अस्तरावरून हात फिरवला. जुन्या अस्तराला तिनं एकदा आतून टाके घातले होते. ते टाके शोधणारी तिची बोटं कुठं थांबली ते वाल्मीकनं पाहिलं.

"अस्तर बदललंसा, भावजी?"

"व्हय. पुरात भिजलं होतं."

"आन् कातडं?"

सगुणानं जाकीट चुलीवरच्या आढ्याला टांगलं आणि खाली ओली लाकडं सारली. धूर दाटला.

"आत्याबाईंस्नी काय सांगू नगासा," ती म्हणाली. "त्येंला वर्सातनं एक डाव बोलाया मिळतंय. मागल्या साली न्हाई निघालं, तर म्हशीपाशी बोलत हुत्या."

"आणि तुम्हाला?"

"मला काय झालंय?" तिनं फुंकणी उचलली. "म्या कवा बोलले त्याच्याशी? जित्तेपनी सुट्टीवर यायचा त्यो धा दिस, त्यातलं सा दिस गावात मिरवायचा. ह्यो तुमचा कोट मला परवडला. ह्याच्या आत कुनीबी न्हाई, ते तरी ठाव हाय."

सकाळी हलगी दारात आली. पोरंटोरं राखेनं माखलेली, गडी माणसं अर्धी झिंगलेली. गेणबांनी देवघरातून टाक आणून ताटात ठेवला, ताट वाल्मीकच्या हातात दिलं आणि नाक वर करून वास घेतला. "पायतानावानी येतंया रं," ते हळूच म्हणाले. "एरंडेल लावलंस व्हय? देवाच्या कपड्याला?" "वहिनींनी धूर दिलाय," वाल्मीक म्हणाला. "धुरानं काय व्हतंय," गेणबा म्हणाले, पण बाजूला झाले. सगुणानं पायावर पाणी घातलं आणि मागं सरली. मग कुणीतरी आईचा हात धरून तिला पुढं आणलं. हलगी थांबली.

तिनं दोन्ही हात छातीवर ठेवले. तोंड कॉलरपाशी नेलं. तिच्या पांढऱ्या पडलेल्या बुबुळांकडे न बघता वाल्मीक समोरच्या गोठ्याकडे पाहत राहिला. आता ती म्हणेल, आलास व्हय रं. आता म्हशीचं सांगेल. तिचा श्वास गळ्यापाशी लागत होता. पण हात छातीवरून बाजूला सरकले, काखेखालून मागं गेले, ताटाच्या कडेला तिचं कपाळ टेकलं, आणि तिचे तळवे पाठीवर, त्या फुगवट्यावर येऊन थांबले. एकदा वरून खाली, पुन्हा खालून वर. असं तिनं हैबतला कधी चाचपलं नव्हतं.

"वाल्मीक," ती म्हणाली, "लई वाकलास रं बाबा. जेवतुस का न्हाई तितं?"

वीरानं बोलायचं नसतं. पण दारातली सगळी माणसं थांबली होती, आणि पाठीवरचे हात ऊबदार होते, आणि त्याला एकाच वेळी त्या हातांत राहायचं होतं आणि ते हात आपल्या नावावरून काढून परत हैबतच्या नावावर ठेवायचे होते. "आये," तो गावच्या भाषेत, आपला नसलेला आवाज काढून म्हणाला, "म्या हैबत हाय."

"न्हाई रं," ती म्हणाली. रागानं नव्हे, पोराला ताप नाही ना हे बघून आया बोलतात तशी. "तू वाल्मीक हाईस. त्यो न्हाई आला."

तिनं हात काढून घेतले. चाचपत मागं सरून उंबऱ्यात बसली, पदर डोक्यावरून खाली ओढला आणि रडू लागली. सुरुवातीला कुणाला कळलंच नाही. मग तिनं हैबतचं नाव घेतलं, मड्याशेजारी बसून घेतात तसं, लांबवून, आणि शेजारपाजारच्या बाया धुळवडीची राख हातातच घेऊन धावत आल्या. सगुणा मागून पुढं आली, क्षणभर उभी राहिली, आणि मग सासूच्या बाजूला बसून तिनंही डोक्यावर पदर घेतला. तार आली त्या दिवशी जे व्हायला हवं होतं ते सगळं आता रीतसर, क्रमानं होत होतं. कोण कुठं बसणार, कोण कुणाला धरणार, ते बायांना सांगावं लागलं नाही. हलगीवाला गेणबांकडे बघत होता.

"निघायचं का, आण्णा?"

"ठेव ती खाली," गेणबा म्हणाले. "मयत झालंय हितं."

त्यांनी वाल्मीकच्या हातातून ताट घेतलं, टाक पालथा घातला आणि देवघराकडे वळले. वाल्मीक रिकाम्या हातांनी दारात उभा होता. बायांना त्याच्या बाजूनं वळसा घालून जावं लागत होतं.

"वाटंतनं सर," गेणबा परत येऊन म्हणाले. "जा, डोहावर जाऊन डोक्यावरनं पानी घे."

"आणि हे?" त्यानं जाकिटाच्या कडेला हात लावला.

गेणबांनी त्याच्याकडे पाहिलं, जणू असं काही विचारायचं असतं हे त्यांना ठाऊकच नव्हतं.

"त्ये तुजंच हाय की," ते म्हणाले.

वाल्मीक नदीच्या वाटेला लागला. ऊन चांगलंच वर आलं होतं. मागून रडण्याचा सूर चढत गेला. आता त्यात पुरुषांचेही आवाज मिसळले होते. त्यात नाव एकच होतं, आणि ते हैबतचं होतं.